जड पाणी

विहिरीचं पाणी आहे, म्हणाले बाबा,
आणि मी घरामागे जाऊन रहाट शोधला.
होता नुसता एक निळा पंप, गवतात गुरगुरणारा.

त्या पाण्यात डाळ शिजेना.
आई शिट्ट्या मोजत राहिली, सात, आठ.
खिडकीबाहेर नेब्रास्का:
मका, आणि मक्याच्या मागे मका.

नवव्या शिट्टीला धुरळा उडवत पिकअप आला.
नोवॉटनी नावाचा म्हातारा, हातात पाना,
"बॉयलर फुटतोय का तुमचा?"
आईने झाकण उघडून दाखवलं:
पिवळं पाणी, तळाशी टणक दाणे.
त्याने टोपी काढली, का कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पायरीवर दुधाच्या दोन किटल्या,
आत पावसाचं साठवलेलं पाणी.
झाकणांवर एकेक दगड.

शरयू म्हणते, असलं काही झालंच नाही,
किटल्या आपणच आणल्या होत्या ओमाहाहून.
असेल. ती तेव्हा चार वर्षांची,
फ्रिजच्या रिकाम्या खोक्यात झोपायची.

मला आठवतं ते एवढंच,
त्या रात्री मऊ वरण भुरकताना
कुणीच काही बोललं नाही.
बाहेर पंप आपोआप सुरू झाला,
थोडा वेळ चालला,
थांबला.