बारा मिलिमीटर

उम्म सुहैल रोज साडेदहाला येते
डोंगरावरून, भाच्याच्या पिकअपमध्ये, शेळ्यांच्या चाऱ्याशेजारी बसून.
लॅबच्या खिडकीशी थांबते, विचारते,
"उगवलं?"

उगवलं.
तिच्या मुलाच्या पायातला पू परवा बशीत पसरला,
रात्रभर उबेत ठेवला,
सकाळी सोनेरी दाणे, राजगिऱ्यासारखे, दाट.
त्यात औषधांच्या सहा चकत्या.
पाचांना जंतू अगदी खेटून बसलेत,
पंगतीत आगंतुक बसतात तसे, मांडी ठोकून.
सहावीपासून जरा सरकलेत.
ते औषध त्याच्या किडनीला झेपेल का,
डॉक्टर बघतायत.

अकरा वर्षं सलालात काढली,
तरी एवढं सांगायला माझी अरबी पुरत नाही.
तिने अबायाच्या आतून बाटली काढली,
कधीकाळी खोकल्याच्या औषधाची,
आता आत लोबानचं तेल, पातळ, लिंबासारखं काहीसं वासाला.
"यालाही बसव त्यांच्यात."

नाही बसवता येत, म्हटलं.
नियम आहेत.

"झाडाला आम्ही चरा पाडतो," ती म्हणाली,
"त्याला कोण नेतं दवाखान्यात?"

रात्रपाळी. शीजा जेवायला गेलेली.
गाळणकागदाला ऑफिसच्या पंचने भोकं पाडली,
भोकं टाकून दिली, टिकल्या ठेवल्या, वाफवल्या.
एकीवर लोबान.
दुसरीवर
(हे मी ठरवलं नव्हतं)
पर्समधली अंगठ्याएवढी कुपी.

कापूर, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल.
लांज्याला आई तिन्ही कोरडे खडे बाटलीत घालून बूच लावायची
आणि पाण्याचा थेंब न घालता
त्यांचं पाणी व्हायचं.
बीएस्सीला कारण शिकले.
तरी कुपी हलवताना अजून बघत राहते.
पोटदुखी, दाढ, विंचू, परीक्षा,
कशावरही एकच थेंब, दुसरा मागायचा नाही.
विमानतळावर कस्टमवाल्याने हुंगली होती,
तीनदा शिंकला, आणि जा म्हणाला.

सकाळी बशी उजेडाला धरली.
लोबानभोवती बारा मिलिमीटर स्वच्छ,
त्यातले सहा तर टिकलीचेच.
आईच्या थेंबाभोवती सव्वीस.
मी दोनदा मोजलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

साडेदहाला तिला आत बोलावलं, जे करायचं नसतं.
तिने बशीवर डोळा आणला,
धान्यातला खडा शोधतात तसा.
"एवढीच जागा?"
एवढीच.
"पण आहे."
आहे.
"आणि ही मोठी कोणाची?"
माझ्या आईची.
मान हलवली तिने, व्यवहारात हरल्यासारखी,
मग लगेच, "तिला विचार, पायाला लावू का?"

आता काय सांगू.
की बशीत ना हाड असतं ना साखर,
ना रक्त न पोचणारी बोटं.
की इथे जे पळतात ते तिथे पळतीलच असं नाही,
आणि उघड्या मांसावर हे आगीसारखं झोंबेल.
लावू नको, म्हटलं.
त्या झाडाचं ते झाडाला पुरतं.
पायाला सहावं औषध देऊ.

तिला पटलं की नाही, कळलं नाही.
बाटली मात्र टेबलावरच राहिली.

शनिवारी त्याची दोन बोटं काढली.
उरलेला पाय हळूहळू भरतोय.
कशाने, असं तिला विचारलं तर
ती माझ्याकडे बघणार नाही.

छापील रिपोर्टात सहा रकाने आहेत.
सातवा, आठवा नाही.
वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने
१२, २६.
रुग्णाचं नाव नाही, तारीखही नाही.

बशी ऑटोक्लेव्हमध्ये टाकली.
वाफ सुटली तशी सगळ्या मजल्यावर दरवळ,
लोबान आणि ओवा, कोणाचा कुठला कळेना.
सुपरवायझर मुरुगेसन दारात उभे:
"इथे कोण पान खातंय?"

कोणी नाही सर, म्हटलं
आणि खिडकी उघडायला उठले,
उघडली नाही.