रेफरन्स

अंबडची शिफ्ट सुटली ती कायमचीच.
तेव्हापासून रात्री अकराला
प्रमिला खैरनारचा मेसेज येतो.
"सातपूरला क्यूसीची जागा निघालीय. एकच.
मी भरलाय फॉर्म, तूही भर."

एकच जागा,
आणि ही मला लिंक पाठवते.

माझ्या बायोडेटातलं 'मेहनती' तिनेच खोडलं,
लिहिलं: मायक्रोमीटर, सात वर्षं,
एकही लॉट परत आला नाही.
माझंच मला ठाऊक नव्हतं.

मुलाखतीला सिडकोत तिच्या खोलीवर बसलो.
नेट तिचं, शर्ट तिच्या भावाचा,
बाह्या जरा आखूड.
कॅमेऱ्याबाहेर ती,
शिट्टी होऊ नये म्हणून
कुकर अर्ध्यावर बंद करून उभी.

"तुमच्या लाइनवरचं अजून कोणी?"
साहेबांनी शेवटी विचारलं.

मी लॅपटॉप थोडा फिरवला.