खालचा आकडा

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे आकडे वाचले.
वीजखात्याची खाकी पिशवी, कानामागे पेन्सिल,
हळदोण्याचे चढ नि उतार,
कुणाचं बाल्कांव, कुणाच्या गोठ्यामागची भिंत.
मीटरच्या काचेवरची कोळिष्टकं पुसायची,
युनिटं लिहायची, निघायचं.
कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती.

आता म्हापशाच्या एका थंडगार खोलीत
डाव्या कुशीवर निजवून
रोशेल नावाची मुलगी
बरगड्यांत गारेगार जेल फासून
माझं मीटर वाचते आहे.

"पंपिंग छान आहे, अंकल. साठ टक्के."
मी खूश. शर्टाकडे हात गेला.
"पण सैल होत नाही," ती म्हणाली.

कोण?

"हार्ट. आवळतं नीट, पण सुटायला वेळ घेतं.
सुटेल तेव्हा भरेल ना."

मला हसूच आलं.
आमच्या गावात दुपारी एक ते चार
दुकानांच्या फळ्यासुद्धा घोरतात,
आणि नेमका माझ्याच छातीत
हा एक ओव्हरटाइमवाला.

डॉक्टर नागवेंकरांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली.
वर एकशे चौसष्ट. खाली शहाण्णव.
वरचा आकडा ठोक्याचा, म्हणाले,
खालचा दोन ठोक्यांमधला.
म्हणजे हृदय काहीच करत नसतं
तेव्हाही नळ्यांत उरलेला ताण.
"अकरा वर्षं हे असंच चाललंय?"
मी शालनकडे पाहिलं.
शालननं पंख्याकडे.

गोळी कपाटात होती. कपाटातच होती.
काही दुखत नाही तर गोळी कशाला,
असं म्हणणारा मी,
जो लोकांना सांगत फिरायचा
की बाई, दिवा बंद असला तरी
मीटर फिरतंय, बघा,
कुठे तरी काही तरी चालू राहिलंय.

ताठ नळ्यांत रोज रक्त ढकलून ढकलून
भिंत जाड झाली आहे, डॉक्टर सांगत होते,
आणि वरून वय. सत्तरी.
जाड भिंत पसरत नाही.
मग रक्त दारात उभं राहतं,
मागची रांग थेट फुप्फुसापर्यंत,
शेवटच्या तारखेला आमच्या खिडकीपुढं असायची तशी.
म्हणून रात्री तीन उशा.
म्हणून इगर्जीच्या पायऱ्यांवर मध्येच
चप्पल नीट करण्याचं नाटक.

"ठोके जरा हळू करू," ते म्हणाले,
"म्हणजे भरायला वेळ मिळेल."

चार वाजता इनास पदेर येतो.
गेल्या आठवड्यात त्यानं भोंग्याचा रबरी फुगा बदलला.
जुना त्याच्या बापाच्या वेळचा.
"वाजतो अजून," इनास म्हणाला,
"एकदा एकदम जोरात.
पण मग चेपलेलाच राहतो, भाऊ.
परत फुगेपर्यंत दोन घरं मागं पडतात,
आणि ती बायका मला शिव्या घालतात."

मी तो मागून घेतला.
शालन म्हणाली, कशाला हा कचरा?
म्हटलं, असू दे.

सकाळची गोळी घेतो. आता न चुकता.
संध्याकाळी बाल्कांवात बसून
फुगा मुठीत धरतो, दाबतो, सोडतो.
दाबायला काहीच लागत नाही,
ते तर जन्मभर जमलं:
साहेबाचा राग, धाकट्याचं मस्कतला जाणं,
सगळं मुठीत, नि मूठ खिशात.

सोडल्यावर तो तसाच पडून राहतो.
अंगठ्याची खळगी तशीच.
मग कुठून तरी बारीक सूं ऐकू येते,
एखादं म्हातारं माणूस
झोपेत कूस बदलावं तशी.

शालन चहा ठेवते, उंडा ठेवते.
एक उंडा चहात बुडवून संपेपर्यंत
खळगी निम्मी भरते.
बोटानं उचलून द्यावी, असं फार वाटतं.

नाही देत.
शालन विचारते, काय बघतोस एवढं?
म्हणतो, थांब जरा,
येतोय.