ओठ मिटलेले, दात सुटे

मंगळवारी साडेचारला त्सियाला आली,
कानशिलावर दोन बोटं दाबून.
दुखतं कुठे, विचारलं, तर म्हणाली, कुठे म्हणून नाही.
सकाळी उठते तेव्हा वाटतं
रात्रभर कुणी माझ्या तोंडाने अक्रोड फोडले.

त्बिलिसीच्या खाली, आमच्या रुस्तावीत,
पाण्याच्या कंपनीत ती फोन घेते.
नळ कोरडे पडलेल्या इमारतींचा राग
आधी तिच्या कानात येतो.
एकवीस वर्षं. उलट बोलायचं नाही, असा नियम.
"हो, नोंद केली. हो, माणूस निघालाय."
माणूस बहुतेकदा निघालेला नसतो.
तिला ते माहीत असतं.

ताण वगैरे?
छे, ताण मोठ्या लोकांना.
माझं काय, बसून काम.

मी काही बोललो नाही.
दातांचा ठसा घेतला,
प्लास्टर घट्ट होईस्तोवर आम्ही दोघं खिडकीशी
पोलाद कारखान्याचा धूर बघत उभे.
मग पांढरा जबडा तिच्या तळहातावर ठेवला.
सुळे सपाट. दाढांची शिखरं गेलेली.
डावीकडे एक बारीक चीर.

"हे माझे?"
तिने अंगठा फिरवला त्यावरून,
दुसऱ्या कुणाच्या घराचा उंबरठा चाचपावा तसा.
विनवणी करताना लोक दातांच्या कण्या करतात म्हणे;
हिने गप्प राहून केल्या होत्या.

मग हळूहळू निघालं.
गेला, मुलगा, पोलंडला ट्रक चालवतो,
सीमेवर रांगेत असला की फोन बंद.
सासूच्या गोळ्या.
जिन्यातल्या दिव्याची वर्गणी, जी कुणीच देत नाही.
"पण हे तर रोजचंच, डॉक्टर."
हो, म्हटलं. रोजचंच.

रात्रीसाठी एक पारदर्शक साचा दिला
आणि दिवसासाठी एक ओळ:
ओठ मिटलेले, दात सुटे,
जीभ टाळूला अलगद.
घास चावणं सोडलं तर
वरच्या दाताला खालच्याला भेटायचं काही कारण नाही.
हे मी इतक्या जणांना सांगतो
की सांगताना माझेच दात आवळलेले असतात.

शिवाय पिवळे ठिपके, कागदाचे,
फायलींवर चिकटवतात ते.
नजर जाईल तिथे लावा.
दिसला की बघायचं, जबडा कुठे आहे, खांदे कुठे आहेत.
कानापाशी पोचले असतील तर खाली आणायचे.
"एवढंच?"
औषध कडू नसलं
की आमच्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही.

नोव्हेंबरात परत आली.
साचा घासला गेला होता, डावीकडे जवळजवळ आरपार.
"या सीमेवरच्या रात्री," म्हणाली. हसली नाही.
आणि ठिपके?
फोनवर आहे. किटलीवर आहे.
गोळ्यांच्या डबीवरचा सासूने खरवडला,
तिला वाटलं, किंमत राहून गेलीय.

"आणि परवा एक बाई ओरडत होती पाण्यावरून.
मी ठिपका पाहिला, जबडा सोडला,
तर तोंडातून निघूनच गेलं:
माणूस निघालेला नाही, बाई.
उद्या दुपारपर्यंत निघणारही नाही.
शेजारच्या इमारतीतून बादल्या भरून ठेवा.
पलीकडे शांत.
मग म्हणाली, बरं. हे सकाळीच सांगायचं ना."

साहेबांनी बोलावून घेतलं म्हणे.
पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
नवा साचा केला, या वेळी डावीकडे जाड.

ती गेल्यावर दिवा मालवायला हात वर केला
तर दिव्याच्या दांडीवर,
खुर्चीत पडलेल्याला दिसणार नाही,
वाकून काम करणाऱ्यालाच दिसेल अशा जागी,
एक पिवळा ठिपका.

माझे खांदे कुठे होते,
सांगत नाही.