अर्धी साक्ष

सेमनानला, कापडबाजाराच्या मागं तिसऱ्या गल्लीत
रूहअंगीझ खानमचं चष्म्याचं दुकान.
मी तिथं काचा घासायचे. अकरा वर्षं.
म्हाताऱ्यांच्या जाड,
परीक्षेला बसणाऱ्या मुलींच्या पातळ.

तिचा धर्म सगळ्या गल्लीला ठाऊक.
फक्त अर्जावर तो मावत नसे:
चार चौकटी, चारांतली एकही तिची नाही.
विद्यापीठातून परत पाठवलं तेव्हा म्हणे तिनं विचारलं होतं,
पाचवी मीच आखू का, पट्टी आहे माझ्याकडं.
हे ती हसत सांगायची. मीही हसायचे,
आणि यंत्र सुरू करायचे, मोठ्या आवाजात.
डोळ्यांच्या धंद्यात राहून
डोळेझाक मला पहिल्यापासून जमते.

शरदात तिच्या लोकांचा सण. दोन दिवस शटर खाली.
तिसऱ्या दिवशी ते आले, लाख आणि दोरी घेऊन.
मोठ्या साहेबाच्या नाकावर आमचाच चष्मा,
उणे सव्वादोन, डाव्याला जरा जास्त.
फ्रेम मी बसवलेली.
त्यानं ओळखलं नाही. किंवा ओळखलं.

कागद पुढं आला.
'सदर बाई गिऱ्हाइकांना आपल्या धर्माकडं ओढते.'
मी म्हटलं, साहेब, चष्मा घरी राहिला, वाचता येत नाही.
वाचायला कोण सांगतंय, तो म्हणाला, सही कर.
मग कारकुनाला: आणखी एक बाई बघ रे,
बाईची साक्ष अर्धी, हिच्या एकटीनं भागायचं नाही.

चष्मा माझ्या खिशात होता.

मुलगी शेवटच्या वर्षाला. ओढणीतून निसटलेल्या केसांबद्दल
शाळेतून दोन चिठ्ठ्या आलेल्या.
कारणं असतात. कारणांचाही नंबर
दर वर्षी वाढत जातो.

रात्री हिशोब मांडते:
साक्ष अर्धी, तर पाप किती?
आणि उरलेली अर्धी कोण?
नळावर, पावाच्या रांगेत
बायकांच्या बोटांकडं बघते, शाई दिसते का.

बीबी तलअत अजून येते.
तिचा चष्मा आत, पाकीट एकोणीस, पैसे दिलेले.
शटरच्या फटीला डोळा लावून विचारते,
खानम कधी उघडणार?
मी म्हणते, उघडेल. ती म्हणते,
तू नीट बघून सांग, मला दिसत नाही.

नवरोजच्या आधी भेट मिळाली.
बहीण म्हणून नाव लावलं, लिहिणारा जांभया देत होता.
काचेपलीकडं ती. फोन बंद पडलेला.
हातवाऱ्यांनी सांगू लागली: कोठडीत एक पोरगी आहे,
चौकात डोकं उघडं करून उभी राहिलेली,
तिच्या मोडक्या चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधून दिली.
मला निम्मं कळलं.
मलाही सांगायचं होतं. त्याला हातवारा नाही.

मग तिनं तीन बोटं आडवी धरली,
अक्षर न येणाऱ्या बायकांसाठी
भिंतीवर टांगलेली ती तीन दांड्यांची खूण:
कुठल्या बाजूला उघडी?
उजवीकडं, मी दाखवलं. वर. डावीकडं.
ती मागं सरकली, पार भिंतीपर्यंत,
आणि बोटं पुन्हा फिरवली.

मला दिसलं नाही.
अंदाजानं हात खाली केला.

तिनं मान हलवली,
आणि पाकिटावर लिहायची तसा, हवेत,
एक आकडा लिहिला.