चौकट

गंगावेशीत म्हैस एटीएमात शिरली,
ही बातमी माझी.
पान पाच, चाळीस शब्द, वर हेडिंग:
‘खातं नाही, तरी रांगेत पहिली!’
संध्याकाळपर्यंत गावभर फिरली.
रात्री दुबईहून मेहुण्याने मलाच पाठवली,
हसून रडणारे चार चेहरे लावून.

बंडा मगदूम हसला नव्हता.
दावं मनगटाला गुंडाळत म्हणाला,
‘परवा रेडकू गेलं तिचं.
काचंत कोण दिसलं असंल, काय म्हाईत.’

तेवढंही लिहिलं होतं मी.
चौकटीत बसेना,
म्हणून दस्तगीरभाईंनी खालून कापलं.
बातमी खालूनच कापतात.

काल पैसे काढायला गेलो.
काच लख्ख,
फक्त कमरेच्या उंचीवर
ओल्या नाकाचा एक डाग.
वॉचमन म्हणाला, पुसलाय की,
दोनदा.