अठ्ठ्याण्णव अंश

पुस्तकात पाणी शंभरावर उकळतं.
आमच्या प्रयोगशाळेत ते अठ्ठ्याण्णवला उकळलं
आणि तिथंच अडून बसलं, बर्नर कितीही मोठा करा.
मगदूम मॅडम म्हणाल्या, कोल्हापूर उंचावर आहे गं,
इथं हवेचं ओझं जरा कमी.
तबस्सुमनं लगेच वहीतलं शंभर खोडलं.
मला मात्र उगाच बरं वाटलं,
जणू दोन अंशांची सूट
आम्हाला कुणी ओळखीवर दिली होती.

तुकडा माझा होता.
आण्णांनी शिरोलीच्या फौंड्रीतून आणलेला,
साच्याच्या तोंडाशी गोठून राहिलेला बिडाचा कान,
कानशीनं घासून अडीचशे ग्रॅमवर आणलेला.
"शाळंत बिडाचं काय काम?"
"त्याची विशिष्ट उष्मा काढायची."
ते हसले. साडेतेराशे अंशांचं बीड
ते रोज नुसत्या डोळ्यांनी जोखत,
रंगावरून, पळी तिरकी करून.

शंभर ग्रॅमचं तांब्याचं भांडं,
त्यात दोनशे ग्रॅम नळाचं पाणी, सव्वीस अंश.
भोवती कापूस हवा; कापूस संपलेला.
मग शिपाई गणपामामांनी शाहूपुरीतल्या अडतीतून
गुळाच्या रव्याचं किलतान आणलं,
दोन वेढे देऊन सुतळीनं बांधलं.
शेवटपर्यंत प्रयोगाला गुळाचा वास येत राहिला.
निरीक्षण तक्त्यात वासाला रकाना नव्हता.

दोऱ्यानं तुकडा उचलला.
उकळत्या भांड्यापासून गार भांड्यापर्यंत
दोन पावलं, एवढंच अंतर.
"पळव गं, पळव!" तबस्सुम ओरडली.
मी पळवला. तरी
वाफेचा एक पदर त्याच्यावरून सुटून
खिडकीकडं गेलेला मी पाहिला.

चुर्र झालं नाही. मला वाटलं होतं होईल.
ढवळत राहा, मॅडम म्हणाल्या, आणि भांड्यावर फुंकू नका.
अठ्ठावीस. एकतीस. तेहतीस.
चौतीस.
मग पारा हलेना.
भांड्यात आता कुणी गरम नव्हतं, कुणी गार नव्हतं.

बीड चौसष्ट अंश उतरलं होतं,
पाणी चढलं होतं फक्त आठ.
मी वजाबाकी तीनदा केली.
एकानं इतकं सोडावं आणि दुसऱ्याचं एवढंच वाढावं?
"समतोल आहे तो," मॅडम म्हणाल्या,
"वाटणी समजू नकोस."

उत्तर आलं शून्य दशांश एक शून्य चार.
पुस्तकात शून्य दशांश एक एक.
"चौतीसचं साडेचौतीस करूया," तबस्सुम कुजबुजली,
"जुळतंय बघ अगदी. कोण बघायला आलंय?"
खरंच जुळत होतं.
मी खोडरबर घेतलं, ठेवलं,
आणि त्रुटींच्या खाली लिहिलं:
थोडी वाटेत गेली.
मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारली,
मग बराच वेळ थांबून बरोबरची खूण.

रात्री आण्णा पाळी संपवून आले.
मनगटावरचे केस नेहमीसारखे करपलेले.
मी आकडा सांगितला. दशांश त्यांना पटेनात.
"म्हंजे बिडाला राग लवकर येतोय,
आन् निवतंय बी लवकर.
पाणी चेंगट. लई घेतंय, दावत न्हाई."
मी म्हटलं, हो, तसंच.
"आन् कमी पडली ती कुठं गेली?"
"हवेत. दोऱ्यात. दोन पावलांत."

ते जेवायला बसले नाहीत लगेच.
शिरोलीपासून घरापर्यंत सायकल,
मधे पंचगंगेचा पूल, पुलावरचं वारं.
"दोन पावलांत," ते एकदा म्हणाले, स्वतःशीच.
तुकडा मागून घेतला,
मुठीत धरला, बोलता बोलता विसरून गेले,
आणि उठताना माझ्या हातात परत ठेवला.

कोमट होता.
किती अंश, ते नोंदवलेलं नाही.